मधाचं बोट

राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात माझी भाची ताईच्या मांडीवर आडवी पडून जिवाच्या आकांताने रडत होती, त्यामुळे तिचं तोंड आपोआप उघडं होतं. वय दोन वर्षं चार महिने. वरचे पुढचे चार दात हिरडीजवळ तपकिरी झालेले, एकाची कड चुरा होऊन पडलेली. खालचे दात मात्र पांढरेशुभ्र. डॉक्टरांनी टॉर्च बंद केला आणि ताईला विचारलं, "रात्री बाटली तोंडात ठेवूनच झोपते ना?"

ताई म्हणाली, "हो."

"आईनं एवढं तरी बघायला पाहिजे होतं."

कसबा बावड्यात घरी येईपर्यंत ताई गाडीवर मागे गप्प बसून होती. दारात चप्पल काढताना एवढंच म्हणाली, "मी काय मुद्दाम केलो काय रे?" (कोल्हापूरच्या बायका 'केलो, गेलो, आलो' म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी ती टायपिंगची चूक समजू नये.)

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. कोडची कुठलीही ओळ दाखवली की ती कुणी आणि कधी लिहिली हे ती सांगते. नवीन मुलं ती दोषी शोधायला वापरतात. चार-पाच वर्षं काढली की लक्षात येतं, ओळ लिहिली गेली तेव्हा बहुतेक वेळा ती बरोबरच होती. भोवतालचं सगळं बदललं आणि ओळ तशीच राहिली. त्या रात्री मी ठरवलं की या चार दातांवर तीच कमांड चालवून बघायची.

पहिलं नाव माझंच निघालं. भाची सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचं उष्टावण झालं. आपल्याकडे पहिला घास मामा भरवतो. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर होती, तिच्यात सोन्याची अंगठी बुडवून मी तिच्या जिभेला लावली. आधी तिने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून परत मागितली. त्याचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अजून आहे. माझ्याही आधी आजीचं नाव. बाळ घरी आलं त्या दिवशी आजीने त्याला मधाचं बोट चाटवलं होतं. आता कळतं की वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. पण आजीच्या आजीनेही तेच केलं होतं आणि जन्मलेल्या बाळाला मध-तूप चाटवण्याचा संस्कार तर जुन्या ग्रंथांतही आहे. मराठीत 'मधाचं बोट लावणं' याचा अर्थ आशेला लावणं असा कसा झाला, हे त्या व्हिडिओतली बाहेर आलेली जीभ बघून कळतं.

आजीचं निदान वेगळं होतं. ती म्हणाली, "दातात कीड पडलीया. आमच्या येळंला धूर द्यायचे, भुळूभुळू किडं पडायचं खाली." तिच्या लहानपणी बाजारच्या दिवशी एक बाई यायची. भुईरिंगणीचं बी तुपात घोळवून निखाऱ्यावर टाकायची आणि नळीने धूर दाढेपर्यंत पोचवायची. मग पाण्याच्या वाटीत बारीक पांढरे किडे दिसायचे. आजीने ते डोळ्यांनी पाहिलेत आणि मी तिच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणार नाही. युरोपातही शेकडो वर्षं हेच चालायचं, फक्त बी खुरासानी ओव्याचं असायचं. तापल्यावर बी फुटतं, आतला कोंब बाहेर पडतो आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. तिथे किडे म्हणून दाखवले जायचे ते हे कोंब.

दातातल्या अळीची कल्पना फार जुनी आहे. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर ती आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांच्या यादीत 'कृमिदंतक' आहे: दात काळा पडतो, त्याला भोक पडतं, तो हलतो, ठणकतो. वर्णन इतकं नेमकं की आजही चालावं. आपण 'दात किडला' म्हणतो ते याच परंपरेतून. या शब्दाची अडचण अशी की कीड बाहेरून येते. ती वांग्यात येते, तांदळात येते, कुणीतरी लक्ष ठेवलं नाही म्हणून येते. मग लक्ष कुणी ठेवायचं होतं, हा प्रश्न ओघानेच येतो आणि त्याचं उत्तर घराघरात एकच असतं.

१७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि सांगून टाकलं की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला दातात अळ्या सापडल्या नाहीत. खरा उलगडा त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी, बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन माणसाने केला. त्याचा प्रयोग आपण घरी करू शकू इतका साधा होता. काढलेले दात लाळेत ठेवायचे, एका भांड्यात पाव किंवा साखर घालायची आणि दुसऱ्यात मांस. पाव-साखरेच्या भांड्यात आम्ल तयार झालं आणि दात मऊ पडले. मांसाच्या भांड्यात दातांना काही झालं नाही. १८९० मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं: तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल बनवतात, ते आम्ल दात विरघळवतं. त्यातल्या मुख्य जंतूला १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्कने वेगळं काढून नाव दिलं, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स.

म्हणजे आजीची कीड अगदीच खोटी नव्हती. सजीव आहे, दातावर राहते, फक्त दिसत नाही. पण ती दात खात नाही. ती खाते साखर. आम्ल हा तिचा कचरा, आणि दात त्या कचऱ्याने जातो.

सुश्रुताच्या त्याच यादीत आणखी एक शब्द आहे: 'दंतशर्करा'. दातावर घट्ट बसणारं किटण, ज्याला आज टार्टर म्हणतात ते. शर्करा म्हणजे मूळ अर्थाने खडा, वाळूचा खर. उसाचा रस आटवून दाणे पाडायला शिकल्यावर त्या दाण्यांनाही तेच नाव मिळालं. प्राकृतातून आपली 'साखर' आली, फारसी-अरबीतून फिरत फिरत इंग्रजांची 'शुगर' गेली. दातावरचा खर आणि चहातली साखर एकाच शब्दाच्या पोटातून निघाले आहेत. मला ही गोष्ट सापडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

आता कोल्हापूर. आमचं घर कसबा बावड्यात आहे. हंगामात मळीचा वास खिडकीतून येतो, पाहुणे नाक मुरडतात आणि आम्हाला तो येतही नाही. या जिल्ह्याची सगळी कमाई गोडावर उभी आहे. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली. पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं, पण पाण्यामागोमाग ऊस वाढत गेला. कोल्हापुरी गुळाला आता भौगोलिक मानांकनही आहे.

पण गूळ पिकवणं आणि गूळ खाणं यांत फरक होता, हे मला आजीशी बोलताना कळलं. तिच्या माहेरी गुऱ्हाळ दिवाळीनंतर लागायचं आणि पाडव्याच्या आसपास थंडावायचं. तेवढे दिवस पोरांची चंगळ. काहिलीच्या कडेची गरम काकवी, भाकरीवर ताजा गूळ, हातभर उसाची कांडी. ढेपा मात्र गाडीत भरून शाहूपुरीच्या अडत्याकडे जायच्या, कारण तो पैसा होता. घरात राहिलेला गूळ फडताळात वर असायचा. सणाला पोळीत, पाहुण्याला पाण्याबरोबर खडा. "उठसूट कोण दीत हुतं?" आजी म्हणाली. आजीची भाषा हिशेबाची नाही, पण माझ्यासारख्या माणसाला त्यात एक आलेख दिसला. वर्षातले तीन-चार महिने उंच, बाकी सपाट, मधे सणांचे सुळके.

पांढरी साखर मागून आली. १९३२ मध्ये सरकारने बाहेरच्या साखरेवर जबर जकात लावून देशी उद्योगाला संरक्षण दिलं. देशात तेव्हा तीसेक कारखाने होते, ते थोड्याच वर्षांत शंभरावर गेले. कोल्हापुरातला कारखाना त्याच दशकातला. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. मग इचलकरंजीला रत्नाप्पा कुंभारांचा पंचगंगा, वारणेला तात्यासाहेब कोरे, आणि बघता बघता तालुक्या-तालुक्यात धुराडी. या कारखान्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले. माझ्या बाबांचं शिक्षण उसाच्या बिलावर झालं, त्यामुळे माझंही. तेव्हा साखरेला शिव्या घालायचा मला अधिकार नाही, आणि तशी इच्छाही नाही.

पण साखरेबरोबर तिची भावंडंही आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चहाच्या व्यापाऱ्यांनी या देशाला चहा प्यायला शिकवण्यासाठी अक्षरशः मोहीम चालवली. १९३९ मध्ये पार्ल्याच्या कारखान्यात ग्लुकोज बिस्किटं बनू लागली. स्वस्त, टिकाऊ, पोराच्या मुठीत मावणारं. साखर स्वयंपाकघरातून बाहेर पडली ती अशी. तिला आता सण लागेना, ताट लागेना, वेळही लागेना.

याच सुमाराला जगात दुसरीकडे एक प्रयोग आपोआप झाला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे आणि जपानमध्ये साखर मिळेनाशी झाली आणि मुलांच्या दातांची कीड घटली. युद्ध संपलं, साखर परतली, कीडही परतली. मुद्दाम केलेला प्रयोग स्वीडनचा. १९४५ नंतर काही वर्षं लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद म्हणून ठेवलेल्या माणसांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. काहींना जेवणात, काहींना जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या, दिवसाला चोवीसपर्यंत. त्यांची संमती कोणी घेतली नाही आणि अनेकांचे दात कायमचे गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष आज जगातला प्रत्येक दंतवैद्य वापरतो: किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिली याला जास्त महत्त्व आहे. जेवणात खाल्लेल्या साखरेने थोडंच बिघडलं, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने दात पोखरले. हे ज्ञान कुणाच्या दातांवर उभं आहे, ते कुठल्याच टूथपेस्टच्या जाहिरातीत येत नाही.

कारण १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफनने मोजून दाखवलं होतं. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांतच दातावरच्या थराचा पीएच साडेपाचाच्या खाली घसरतो आणि इनॅमलमधलं कॅल्शियम सुटायला लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते, निघालेलं कॅल्शियम पुन्हा बसवते. याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त. म्हणजे दात रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा दुरुस्त होतो. दुरुस्तीला वेळ मिळाला तर काही बिघडत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक मोठी रिक्वेस्ट सर्व्हर सहज झेलतो, दर मिनिटाला येणारी बारीक रिक्वेस्ट त्याला आडवं करते.

मी भाचीच्या एका दिवसाचा लॉग काढला. ताईला न विचारता, नुसतं रविवारी घरात बसून. सकाळी सातला माझ्या बाबांच्या कपातला चहा, बशीतून. साडेआठला बिस्किट. दहाला आजीने दुधात गूळ घालून दिला, कारण साखर वाईट हे आजीलाही आता मोबाइलवरून कळलंय आणि गूळ म्हणजे औषध. साडेअकराला शेजारच्या काकूंनी राजगिऱ्याचा लाडू. जेवण. मग रडली म्हणून मी दिलेलं चॉकलेट, हो मीच. चारला पुन्हा चहा-बिस्किट. सहाला देवापुढची खडीसाखर, सातला शेंगदाण्याची चिक्की. रात्री दहाला गोड दुधाची बाटली, ती दीडपर्यंत तोंडात. कोणीही तिला फार दिलं नव्हतं. प्रत्येकाने एकदाच, थोडंसं, प्रेमाने दिलं होतं. आणि गुळाबद्दल: त्यात लोह असेल, रंग असेल, आपला अभिमान असेल, पण बहुतेक भाग सुक्रोजच असतो. त्या जंतूला शाहूपुरी आणि साखर कारखाना यांतला फरक कळत नाही.

बाटलीची गोष्ट मला सगळ्यात जास्त चटका लावून गेली. आजीच्या ट्रंकेत एक चांदीचं बोंडलं आहे. एका बाजूला चोच काढलेली छोटी वाटी. बाळाला मांडीवर घ्यायचं, चोच ओठांना लावायची, घोट घोट दूध सोडायचं. पाच मिनिटांत काम संपतं. बोंडलं तोंडात ठेवून बाळ झोपूच शकत नाही, आणि पाजणाऱ्याला पूर्ण वेळ तिथे बसावं लागतं. माझी आई आणि ताई दोघी नोकरीवर गेल्या, आजीचे हात थरथरू लागले, आणि बाटली आली. ती आपोआप चालते, हाच तिचा गुण आणि तोच घात. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. बाटलीचं बोंड जिभेवर टेकतं, त्यामुळे खालचे दात जिभेखाली झाकले जातात, शिवाय तिथे लाळेच्या ग्रंथी जवळ असतात. गोड दूध साचतं ते वरच्या पुढच्या चार दातांपाशी. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं ते यामुळे. १९६२ मध्ये इलायस फास या अमेरिकन दंतवैद्याने हाच नमुना नोंदवून त्याला बाटलीवरून नाव दिलं होतं. शिवाय दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांपेक्षा बरंच पातळ, साधारण निम्मं. जिथे मोठ्यांच्या दाताला वर्षं लागतात तिथे याला महिने पुरतात.

आपल्याकडे दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. मेडिकलच्या काचेमागे त्या कशा सजवलेल्या असतात ते मात्र कुठल्याही चौकात बघता येईल.

घरात दुसरा युक्तिवाद बाबांचा होता: "दुधाचे दात, पडणारच आहेत." पुढचे पडतात सहा-सात वर्षांनी. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. मुळाशी पू झाला तर आत वाढणाऱ्या कायमच्या दाताला धोका असतो. आणि मुख्य म्हणजे दुखतं. भाची गेले दोन महिने सफरचंद का ढकलून देत होती ते आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांचे दात किडलेले निघाले होते. म्हणजे प्रत्येक बालवाडीत अर्धा वर्ग 'हट्टी'.

पुढच्या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि मुद्दाम ताईबरोबर मी, बाबा आणि आजी असे सगळे आत शिरलो. त्या बाई हसल्या, म्हणाल्या, "बरं झालं आलात, लॉग कुणाकडे आहे?" मी मोबाइल काढला. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करायची. फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी, आणि घासायचं मोठ्यांनी, मुलावर सोडायचं नाही. रात्री घासल्यावर फक्त पाणी. पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दात दाखवून आणायचे. हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर तेव्हाच पळायचं, कारण तोवर दात परत भरून येऊ शकतो. ताईने विचारलं, गोड बंदच करू का? त्या म्हणाल्या, "कोल्हापुरात? जेवणाबरोबर द्या. मधे मधे नको."

बाटली सोडवायला अकरा रात्री लागल्या. रोज थोडं पाणी वाढवत गेलो. चौथ्या रात्री सगळी गल्ली जागी झाली होती. बाबांनी बशीतला चहा बंद केला आणि त्याचं दुःख त्यांनाच जास्त झालं. आजी तिला मांडीवर घेऊन बोंडल्यातून पाणी पाजायची, थरथरत्या हाताने, निम्मं गळ्यावर सांडत.

दातांना डॉक्टरांनी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, ब्रशने एक थेंब. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते कीड थांबवतं, पण किडलेला भाग कायमचा काळाकुळकुळीत होतो. ताईला हे आधी नीट सांगितलं होतं, तरी ती दोन दिवस भाचीचे फोटो काढत नव्हती.

गेल्या महिन्यात गल्लीत एका बाळाचं उष्टावण होतं. भाची सगळ्या पाहुण्यांसमोर तोंड उघडून दाखवत होती, "माझ्या दातांना काजळ लावलंय." एका बाईने ताईकडे बघून भुवया उंचावल्या. ताई काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "असू दे की. दिष्ट लागायची न्हाई." आणि खिरीची वाटी भाचीसमोरून उचलून जेवणाच्या ताटात नेऊन ठेवली.